पंचशील घेतलेला पाद्री

जिद्दू कृष्णमूर्ती हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मुंबईत त्यांची व्याख्याने अनेक दशके होत राहिली, त्यांच्या पुस्तकांची मराठी भाषांतरे निघाली, राजगुरुनगरजवळ त्यांच्या विचारांवर चालणारी निवासी शाळा आहे. गुरू नाकारणारा आणि संप्रदाय मोडणारा विचारवंत अशीच त्यांची ओळख आपल्याकडे रुजली आहे. पण १९०९ मध्ये मद्रासजवळ अड्यारच्या किनाऱ्यावर, चौदाव्या वर्षात असलेल्या या कृश, अबोल मुलाला ज्याने हेरले आणि याच्याच देहातून जगद्गुरू बोलणार असे ज्याने ठरवले, तो माणूस इंग्लंडच्या चर्चने दीक्षा दिलेला पाद्री होता. चार्ल्स वेब्स्टर लेडबीटर हे त्याचे नाव. प्रस्तुत ग्रंथ त्याचे चरित्र आहे.

त्याच्या आयुष्याचा नुसता आराखडा पाहिला तरी वाचक थबकतो. १८७९ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू. १८८४ मध्ये कोलंबोत पंचशील घेऊन बौद्ध. १९०६ मध्ये अल्पवयीन मुलांना दिलेल्या शिकवणुकीवरून थिऑसॉफिकल सोसायटीतून बाहेर, १९०८ च्या अखेरीस पुन्हा आत. १९१६ मध्ये सिडनीत बिशप. १ मार्च १९३४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मृत्यू. मधल्या काळात सूक्ष्मलोक, मरणोत्तर जीवन, कर्म, तेजोवलय आणि चक्रे यांवर त्याने इतके लिहिले, की आज योगवर्गात किंवा ध्यानशिबिरात सहज बोलल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी त्याच्या पुस्तकांतून फिरून आल्या आहेत.

मराठी माणसाच्या डोळ्यांपुढचा पाद्री वेगळा असतो. ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स, अभंगातून ख्रिस्ताला आळवणारे रेव्हरंड टिळक, शाळा आणि दवाखाने चालवणारे मिशनरी. पुनर्जन्मावर ग्रंथ लिहिणारा आणि मिस्सा चालू असताना वेदीवर अदृश्य शक्तींचा घुमट उभा राहताना पाहिल्याचे सांगणारा पाद्री या ओळखीत बसत नाही. तो समजून घ्यायचा तर तो ज्या प्रवाहात उभा होता त्या प्रवाहाकडे आधी पाहावे लागते.

ख्रिस्ती धर्माला एक अंतरंग आहे आणि ते सर्वांसाठी उघडे नाही, ही कल्पना फार जुनी आहे. येशू जमावाशी दाखल्यांतून बोलत असे आणि शिष्यांना एकांतात अर्थ उलगडून सांगत असे, असे मार्कच्या शुभवर्तमानातच आले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियात क्लेमेंटने खऱ्या ज्ञानी ख्रिस्ती माणसाचे चित्र रंगवले. त्याच्यानंतरच्या ओरिजेनने शास्त्रवचनांचे देह, जीव आणि आत्मा असे तीन थर मानले. त्याच काळात व्हॅलेंटिनससारखे नॉस्टिक गुरू मुक्ती श्रद्धेने नव्हे, ज्ञानाने मिळते असे शिकवत होते. चर्चने नॉस्टिकांना पाखंडी ठरवले आणि त्यांचे बहुतेक ग्रंथ नाहीसे झाले. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ पुरलेल्या हस्तलिखितांचा साठा सापडला, तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा थेट ऐकू आला. लेडबीटरच्या पिढीजवळ हा साठा नव्हता. तिला विरोधकांनी केलेली निंदा आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी कॉप्टिक हस्तलिखिते यांवरच भागवावे लागले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण थिऑसॉफीच्या वाङ्मयात तो वारंवार भेटतो. आरंभीचे चर्च पुनर्जन्म मानत होते आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने तो काढून टाकला, असे सांगितले जाते. ओरिजेन जन्मापूर्वीचे आत्म्याचे अस्तित्व मानत होता, आणि त्या काळात निषेध झाला तो या मताचा. एकच जीव पुन्हा पुन्हा मानवी देह घेतो, ही आपल्या परिचयाची शिकवण त्याच्या उपलब्ध लेखनातून काढता येत नाही. हिंदू आणि बौद्ध वाचकाला ती तिथे दिसावीशी वाटते, आणि नेमक्या त्याच कारणाने अधिक सावध राहायला हवे.

मध्ययुगात हा धागा जर्मन भूमीत दिसतो. डोमिनिकन संन्यासी एकहार्ट याच्या अठ्ठावीस विधानांवर १३२९ मध्ये पोपने ठपका ठेवला. गर्लिट्झचा चांभार याकोब बोमे याने सतराव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या दर्शनांतून ईश्वराच्या अंतर्गत जीवनाचे एक अख्खे शास्त्र उभे केले. त्याचा अनुयायी योहान गेओर्ग गिश्टेल याने मानवी देहातील केंद्रांची चित्रे दिली. अठराव्या शतकात स्वीडनचा खाणतज्ज्ञ इमान्युएल स्वीडनबोर्ग स्वर्ग आणि नरक यांचे प्रवासवर्णन लिहावे तसे लिहू लागला. लेडबीटरची शैली याच्याच जवळची आहे. बोमे प्रतीकांत बोलतो. स्वीडनबोर्ग आणि लेडबीटर मात्र 'मी गेलो, मी पाहिले' या सुरात, एखाद्या सरकारी अहवालाच्या शांतपणाने, अदृश्याचा तपशील देतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये या प्रवाहाला एकाएकी पूर आला, त्याची कारणे उघड आहेत. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा विद्यापीठांतून चर्चमध्ये शिरली. अनंतकाळच्या नरकाची शिकवण अनेक सुशिक्षितांच्या विवेकाला पटेनाशी झाली. श्रद्धा सोडवत नाही आणि जशीच्या तशी ठेवताही येत नाही, अशा अवस्थेतली माणसे मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या बैठकांकडे वळली. त्यांत धर्मगुरूही होते. विल्यम स्टेंटन मोझेस हा अँग्लिकन पाद्री तर स्वतःच माध्यम बनला आणि अदृश्य शक्तींकडून आलेले लेखन त्याने प्रसिद्ध केले.

या वातावरणात १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे खरे घर मात्र हिंदुस्थानात झाले, आणि आधी मुंबईत. तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक इथून निघू लागले. १८८२ च्या अखेरीस बिऱ्हाड अड्यारला हलले. मुंबईच्या काळात त्यांना मिळालेल्या तरुणांमध्ये दामोदर मावळंकर हा मराठी ब्राह्मण होता. घरची श्रीमंती सोडून तो सोसायटीच्या कामाला लागला. लेडबीटर अड्यारला पोचला तेव्हा दामोदर तिथेच होता. फेब्रुवारी १८८५ मध्ये तो गुरूंच्या शोधात तिबेटच्या वाटेला लागला आणि परत आला नाही. अज्ञात महात्म्यांच्या, म्हणजे सोसायटीने मानलेल्या दूरस्थ गुरूंच्या, ओढीने घर सोडलेले हे दोन तरुण, एक मराठी आणि एक इंग्रज, काही आठवडे एकाच आवारात वावरले.

लेडबीटरचा जन्म १६ फेब्रुवारी १८५४ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला झाला. वडील रेल्वेत कारकून होते आणि तो आठ वर्षांचा असताना वारले. पुढे स्वतः लेडबीटर जन्मवर्ष १८४७ सांगत असे. बालपण ब्राझीलमध्ये गेले आणि धाकटा भाऊ तिथे मारला गेला, अशी रोमांचकारी हकिगतही तो सांगे. ग्रेगरी टिलेट या अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात जन्मनोंदी आणि जनगणनेची कागदपत्रे तपासून ही कहाणी टिकत नसल्याचे दाखवले. ज्या माणसाने इतरांच्या हजारो वर्षांच्या पूर्वजन्मांचे इतिहास लिहिले त्याने स्वतःच्या याच जन्माच्या तारखा बदलाव्यात, ही बाब त्याच्या चरित्रकाराला कधीच बाजूला सारता येत नाही.

त्याचे काका विल्यम वुल्फ केप्स ऑक्सफर्डचे इतिहासाचे विद्वान होते आणि हॅम्पशरमधल्या ब्रॅमशॉटचे रेक्टर. त्यांच्याच चर्चमध्ये लेडबीटर सहायक धर्मगुरू झाला. गावातल्या मुलांसाठी मंडळे चालवणे, प्रवचने देणे, फावल्या वेळात दुर्बिणीतून आकाश पाहणे, असे त्याचे दिवस चालले होते. त्यातच अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक सिनेट यांचे 'द ऑकल्ट वर्ल्ड' हे १८८१ मधले पुस्तक त्याच्या हाती पडले. १८८३ मध्ये तो सोसायटीचा सभासद झाला आणि पुढच्या वर्षी, कूटहूमी या महात्म्याच्या म्हणून आलेल्या पत्रांनी भारून, नोकरी सोडून ब्लाव्हाट्स्कीबाईंबरोबर हिंदुस्थानला निघाला.

त्याने निवडलेली वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. सप्टेंबर १८८४ मध्येच मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने ब्लाव्हाट्स्कीबाईंवर लबाडीचा आरोप करणारी पत्रे छापली होती. मिशनरी आणि थिऑसॉफिस्ट यांच्यातला झगडा ऐन भरात होता. अशा वेळी एक अँग्लिकन पाद्री त्यांच्या सोबतीने येतो आणि वाटेत कोलंबोला जाहीरपणे त्रिशरण-पंचशील घेतो, याचा मिशनऱ्यांना बसलेला धक्का आज कल्पनेनेच समजून घ्यावा लागेल. पुढे काही वर्षे तो सिंहलात राहिला. १८८६ मध्ये कोलंबोत निघालेल्या इंग्रजी बौद्ध शाळेचा तो पहिला मुख्याध्यापक होता. तीच शाळा आज आनंद कॉलेज म्हणून श्रीलंकेतल्या नामवंत विद्यालयांत गणली जाते. त्याच्या कामांपैकी सर्वात निर्विवाद भले झाले असेल तर ते इथे.

१८८९ नंतर लंडनमध्ये त्याचे लेखन बहरले आणि तिथेच ख्रिस्ती अंतरंगविद्येच्या वेगवेगळ्या शाखा एकमेकींसमोर आल्या. ॲना किंग्सफर्ड आणि एडवर्ड मेटलंड यांनी १८८२ मध्येच 'द परफेक्ट वे' या पुस्तकात ख्रिस्तकथा ही प्रत्येक आत्म्याची अंतर्यात्रा म्हणून वाचली होती. पूर्वेकडच्या महात्म्यांपेक्षा त्यांना ग्रीक आणि ख्रिस्ती गूढ परंपरा जवळची होती. जी. आर. एस. मीड यांचा मार्ग विद्वत्तेचा. १८९६ मध्ये त्यांनी 'पिस्टिस सोफिया' या नॉस्टिक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर दिले, आणि १९०० मधला त्यांचा नॉस्टिक पंथांवरचा ग्रंथ बराच काळ सामान्य वाचकाचा आधार होता. रूडॉल्फ स्टायनर यांनी १९०२ मध्ये ख्रिस्ती धर्माकडे गूढ वास्तव म्हणून पाहणारे पुस्तक लिहिले. त्यांच्या मते गोल्गोथावरची घटना पृथ्वीच्या इतिहासात एकदाच घडणारी होती. म्हणूनच ख्रिस्त एका भारतीय मुलाच्या देहात पुन्हा येणार हा दावा त्यांना मान्य होणे शक्य नव्हते, आणि १९१२-१३ मध्ये ते वेगळे झाले. त्यांच्या प्रेरणेने १९२२ मध्ये लुथरन पाद्री फ्रीड्रिश रिटलमायर यांनी एक स्वतंत्र ख्रिस्ती समाज उभा केला. लेडबीटरला समांतर असे हे दुसरे पाद्री. दोघांची तुलना अभ्यासकांनी अजून पुरेशी केलेली नाही.

या सगळ्यांत सर्वाधिक पसरली ती बेझंटबाई आणि लेडबीटर यांची शाखा. बेझंटबाई एका पाद्र्याच्या पत्नी होत्या, श्रद्धा गमावून घराबाहेर पडल्या, नास्तिक झाल्या आणि १८८९ मध्ये थिऑसॉफीत आल्या. लेडबीटरचे 'द ख्रिश्चन क्रीड' १८९९ मध्ये निघाले, बेझंटबाईंचे 'एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी' १९०१ मध्ये. या मांडणीत ख्रिस्ताची तीन रूपे आहेत: इतिहासातला माणूस, पुराणकथेतला सूर्यवीर आणि प्रत्येकाच्या अंतरात जन्म घेणारे तत्त्व. येशू आणि ख्रिस्त हेही वेगळे आहेत. येशू नावाच्या शिष्याने आपला देह दिला आणि त्यात एका थोर जगद्गुरूने वास केला. हा जगद्गुरू म्हणजेच बौद्धांचा मैत्रेय. एवढे मान्य केले की पुढची पायरी आपोआप येते. एकदा आला तसा तो पुन्हा येईल, आणि त्यासाठी पुन्हा एक तरुण, शुद्ध देह लागेल. कृष्णमूर्तींची निवड या धर्मशास्त्रातून झाली. मुलाभोवती दिसलेले तेजोवलय हे निमित्त, पण ती जागा भरण्यासाठी आधीच रिकामी होती.

त्याआधीचे १९०६ चे प्रकरण सांगितल्याशिवाय १९०९ कडे जाता येत नाही. आपल्या सहवासात ठेवलेल्या किशोरवयीन मुलांना लेडबीटरने हस्तमैथुनाचा सल्ला दिला, अशा तक्रारी अमेरिकेतल्या पालकांकडून आल्या. लंडनमध्ये ऑल्कॉट यांच्यापुढे चौकशी झाली. सल्ला दिल्याचे त्याने नाकारले नाही, हेतू शुद्ध होता असे सांगितले, आणि राजीनामा दिला. ऑल्कॉट वारल्यावर बेझंटबाई अध्यक्ष झाल्या आणि तो परतला. कृष्णमूर्तींचे वडील नारायणय्या यांनी मुलांच्या ताब्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात दावा केला, तेव्हा १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी त्यांनी लेडबीटरवर केलेल्या विशिष्ट आरोपाला पुरावा मिळत नसल्याचे म्हटले. पण लेडबीटरची मते मुलांच्या शिक्षकाला अपात्र ठरवणारी आहेत असाही निर्वाळा दिला, आणि मुले वडिलांकडे सोपवण्याचा हुकूम केला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो हुकूम फिरवला. १९२२ मध्ये सिडनीच्या पोलिसांनीही चौकशी केली. खटला झाला नाही.

त्याचे भक्त ही सारी निंदा मानत आले, त्याचे टीकाकार बाकी सर्व याच एका गोष्टीत बुडवून टाकत आले. न्यायालयात काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे जपून सांगणे आवश्यकच आहे. पण जे त्याने स्वतः मान्य केले तेवढ्यानेही एक गोष्ट पुरती स्पष्ट होते. ज्याची दृष्टी कोणालाही तपासता येत नाही, त्याच्या हाती मुले सोपवली गेली होती, आणि धोक्याची सूचना मिळाल्यानंतर पुन्हा सोपवली गेली. तो काळच वेगळा होता असे म्हणून यातून सुटता येत नाही. त्या काळातल्याच पालकांनी, सभासदांनी आणि न्यायाधीशांनी आक्षेप घेतले होते.

त्याच्या दृष्टीचे काय? काही बाबतींत ती तपासता येते. 'द इनर लाइफ' या १९१०-११ मधल्या ग्रंथात त्याने मंगळावरच्या लोकवस्तीचे वर्णन केले आहे. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत ओसाड, विवरांनी भरलेली जमीन दिसली. बेझंटबाईंबरोबर त्याने दिव्यदृष्टीने अणूंचे अंतरंग पाहिल्याचा दावा केला. १९०८ च्या 'ऑकल्ट केमिस्ट्री'मधली ती चित्रे भौतिकशास्त्राने स्वीकारली नाहीत. चित्रकलेत मात्र वेगळे घडले. विचार आणि भावनांना रंग-आकार असतात असे सांगणारे 'थॉट-फॉर्म्स' हे दोघांचे पुस्तक कांडिन्स्कीच्या संग्रही होते, आणि अमूर्त चित्रकलेचा इतिहास लिहिताना त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

मराठी वाचकासाठी सर्वात जवळचा धागा चक्रांचा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृत होण्याचे जे वर्णन आहे त्यामागे नाथपंथाची साधना आहे, गुरुपरंपरा आहे. लेडबीटरने १९२७ मध्ये 'द चक्राज' काढले ते वेगळ्याच भूमिकेवरून. त्याच्या पुस्तकात चक्रे म्हणजे देहाच्या पृष्ठभागावर फिरणारे रंगीत भोवरे आहेत, स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचे केंद्र आहे, आणि पुराव्यादाखल बोमेचा अनुयायी गिश्टेल याचे चित्रही आहे. आर्थर ॲव्हलॉन या नावाने लिहिणाऱ्या सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्येच 'द सर्पंट पॉवर'मध्ये लेडबीटरचे आधीचे वर्णन तांत्रिक ग्रंथांशी जुळत नसल्याचे दाखवले होते. तरी जगभर लोकप्रिय झालेल्या चक्रविचारावर लेडबीटरची छाप खोल आहे. तो विचार आता पुणे-मुंबईच्या वर्गांत परत आला आहे, बहुतेकदा प्राचीन भारतीय ज्ञान म्हणूनच. त्याच्या वाटेत एक इंग्रज पाद्री आणि एक जर्मन गूढवादी उभे आहेत, हे कळले तर ज्ञानेश्वरांचा सहावा अध्याय वाचताना आपण त्यांच्याच शब्दांकडे अधिक लक्ष देऊ.

आणि मग सिडनी. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातले जेम्स वेजवुड १९१६ च्या फेब्रुवारीत ओल्ड कॅथलिक परंपरेतून बिशप झाले होते. त्यांनी २२ जुलै १९१६ रोजी लेडबीटरला बिशपपदाचा अभिषेक केला. १९१८ पासून या मंडळीने लिबरल कॅथलिक चर्च हे नाव घेतले. प्रेषितांपासून चालत आलेली अभिषेकाची परंपरा आणि सातही संस्कार तिने पाळले, पण मतस्वातंत्र्य पूर्ण ठेवले. पुनर्जन्म माना किंवा मानू नका, प्रभुभोजनाला या. पाद्र्यांना पगार नव्हता, विवाहाची मुभा होती. स्त्रियांना मात्र दीक्षा नव्हती. १९२० च्या 'द सायन्स ऑफ द सॅक्रामेंट्स' या ग्रंथात लेडबीटरने मिस्साची प्रत्येक कृती अदृश्य पातळीवर काय घडवते याचा तपशील आकृत्यांसह दिला. व्हॅटिकनने १९१९ मध्येच कॅथलिकांना थिऑसॉफीपासून दूर राहण्याचा हुकूम काढला होता.

या ग्रंथाची मुख्य भूमिका इथे स्पष्ट होते. लेडबीटरने चर्च सोडले आणि म्हातारपणी परत धरले, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक तो कधीच पाद्री म्हणून संपला नव्हता. गुरू आणि साधक यांच्यामध्ये उभा राहणारा, दीक्षा कोणाला मिळाली हे जाहीर करणारा, नियम आणि पायऱ्या ठरवणारा मध्यस्थ हीच त्याची भूमिका बौद्ध म्हणवत असतानाही होती. ब्रॅमशॉटच्या वेदीवर वापरण्यासाठी जे अधिकार त्याला बिशपाने दिले होते, तेच पुढे त्याने महात्म्यांच्या नावाने वापरले. फरक असा, की ब्रॅमशॉटमध्ये त्याच्या वर एक रेक्टर आणि एक बिशप होता. महात्म्यांचा निरोप काय आहे हे मात्र तोच सांगत होता.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन येथे कृष्णमूर्तींनी त्यांच्याच भोवती उभारला गेलेला तारासंघ हजारो अनुयायांसमोर विसर्जित केला, तो याच मध्यस्थीला नकार होता. त्यांच्या विचारांची धार पुष्कळ अंशी या पाद्र्याच्या सावलीत लागली, आणि म्हणून कृष्णमूर्तींच्या मराठी वाचकांनी हे चरित्र अवश्य पाहावे.

ग्रंथकाराने दोन पथ्ये पाळली आहेत. लेडबीटरने पाहिल्याचे सांगितलेले सर्व काही त्याचे सांगणे म्हणूनच दिले आहे. त्याची थट्टा नाही आणि ग्वाहीही नाही. ज्यांना लिबरल कॅथलिक उपासनेत आजही समाधान मिळते त्यांच्या श्रद्धेचा मान राखला आहे. मुलांविषयीची कागदपत्रे मात्र परिशिष्टात ढकललेली नाहीत. कोणत्या वर्षी कोणाला काय माहीत होते, हे कथनाच्या ओघातच, तारखांसह येते. थिऑसॉफीची पारिभाषिक नावे प्रथमच भेटणाऱ्या वाचकाने चक्रांवरचा भाग आधी वाचला तरी चालेल, इतिहासात रस असणाऱ्याने कोलंबो आणि अड्यारपासून सुरुवात करावी. पण कोणत्याही वाटेने गेले तरी १९०६ चे प्रकरण वगळून पुढे जाऊ नये.